पाव, भाकरी आणि पोटाचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा कामगार कायद्यांवर बोलाल का, असे विचारले होते. आम्ही म्हटले, कायद्यांवर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत, यंदा आम्हांला भाकरीवर बोलू द्या. भाकरी म्हणजे महागाई, असा अर्थ चालकांनी केला आणि होकार दिला. पण आम्हांला बोलावयाचे आहे ते खरोखरीच तव्यावरच्या भाकरीविषयी, भट्टीतल्या पावाविषयी आणि ज्यांना वजन व साखर आटोक्यात ठेवावयाची आहे त्यांनी या दोहोंचे काय करावे, याविषयी.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून राज्यकारभारापासून अध्यात्मापर्यंत सर्व विषय झाले. तेथे पोटाचा विषय हलका समजला जाऊ नये, एवढीच विनंती आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही सातवीत होतो. काही महिन्यांत बिऱ्हाड उचलून माणदेशातल्या गावी गेलो आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. तेव्हा आमच्या बोलण्यात जे शास्त्र आढळेल ते उसने आहे. अनुभव मात्र स्वतःचा आहे.

या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते सांगतो. ज्या औद्योगिक वसाहतीत आम्ही संघटनेचे काम करतो, तेथे आमचे एक जुने सहकारी होते. कारखान्यात घालावयाचा जड बूट त्यांच्या पायाला चावला. जखम लहान होती, दुखत नव्हती, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. ती दुखत नव्हती, कारण अंगातल्या साखरेने पायाची संवेदनाच मारली होती. साखर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. शेवटी दोन बोटे काढावी लागली. त्यांना भेटावयास आम्ही रुग्णालयात गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दादा, बोनससाठी इतकी भांडणे केलीत, एकदा आमचे रक्तही तपासायला लावायचे होते." त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातल्या मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर सांगितली. आमच्या लेखी त्या दहा कोटींना एक चेहरा आहे आणि त्याच्या पायाला दोन बोटे कमी आहेत.

मग आम्ही व्यवस्थापनाकडून तपासणीचे शिबिर करवून घेतले. त्यात स्वतः आम्हीही सापडलो. साखर सीमेवर होती आणि वजन बारा किलोंनी जास्त होते. डॉक्टरांनी विचारले, सकाळी काय खाता? आम्ही म्हटले, कँटीनमध्ये मिसळ आणि चार पाव. दुपारी? डबा. संध्याकाळी सभेला जाताना? वडापाव. रात्री सभा लांबली तर? अंडाभुर्जी आणि पाव. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "पाव सोडा, भाकरी धरा."

आम्ही संघटनेची माणसे. एक घोषणा हाती आली की ती चारशे माणसांना ऐकवल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाळीच्या तोंडाशी उभे राहून सांगू लागलो, पाव सोडा, भाकरी धरा. तीन महिन्यांनी आमचा एक सभासद रागारागाने कचेरीत आला. "तुमचे ऐकले, पाव बंद केला, रोज तीन भाकऱ्या खातो आणि वजन दोन किलोंनी वाढले!" आम्ही निरुत्तर झालो. पण वेतनकराराचे आकडे तपासायचे असतात तसे याही प्रश्नाचे आकडे तपासले पाहिजेत, ही सुबुद्धी त्या दिवशी झाली.

आम्ही कारखान्यातल्याच एका काट्यावर लादीतले पाव तोलून पाहिले. एक पाव चाळीस ग्रॅमच्या आसपास भरला. घरी भाकरीसाठी घेतलेले पीठ तोलले, ते एका भाकरीला साठ ग्रॅम निघाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. त्यांत पाहिले, तर शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ उष्मांक, बाजरीत ३५०, नाचणीत ३२०, कणकेत ३२० आणि मैद्यात ३५०. म्हणजे उष्मांकांच्या बाबतीत धान्याधान्यांत फारसा भेद नाही! साठ ग्रॅमच्या ज्वारीच्या भाकरीत दोनशे उष्मांक, आणि दोन पावांत जवळपास तेवढेच. आमचा सभासद पूर्वी चार पाव खात असे, त्यांचे झाले चारशे वीस. आता तीन भाकऱ्या, म्हणजे सहाशे, आणि त्यांवर ठेच्याबरोबर तीन चमचे तेल. पाच ग्रॅमच्या एका चमचा तेलात पंचेचाळीस उष्मांक असतात. म्हणजे आणखी एकशे पस्तीस. वजन वाढले यात त्याचा दोष नव्हता, आमच्या घोषणेचा होता.

मग भाकरीची थोरवी खोटी समजावयाची काय? नाही. ती थोरवी दुसऱ्या रकान्यात आहे. त्या कोष्टकात तंतूंचा म्हणजे धान्याच्या कोंड्यातल्या चोथ्याचा एक रकाना आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत तो सुमारे दहा ग्रॅम, बाजरीत, नाचणीत आणि कणकेत अकरा ग्रॅम, आणि मैद्यात तीन ग्रॅमपेक्षाही कमी. एका भाकरीत सहा ग्रॅम चोथा पोटात जातो, तर तितक्याच उष्मांकांच्या दोन पावांत जेमतेम दीड ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी निदान पंचवीस ग्रॅम चोथा हवा असे सांगते. या चोथ्याला उष्मांक जवळजवळ नाहीत, पण तो पोटात जागा अडवतो, अन्न सावकाश पुढे जाऊ देतो आणि रक्तात साखर एकदम उसळू देत नाही. शिवाय भाकरी चावावी लागते. पाव चहात बुडवला की तो चावण्याची तसदीही घ्यावी लागत नाही. चार पाव केव्हा संपले हे मिसळीच्या रश्श्याला कळत नाही. एक भाकरी मात्र खाणाऱ्याला सांगून संपते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, पावाऐवजी भाकरी घ्यावयाची ती मोजून घ्यावयाची. दुसरी अशी की, खरा भेद पाव आणि भाकरी यांत नसून मैदा आणि कोंड्यासकट धान्य यांत आहे. घरच्या कणकेची पोळी, चाळणीने कोंडा फेकला नसेल तर, या कामी ज्वारीच्या मागे नाही. गव्हाला उगाच वाळीत टाकू नका.

पावाविषयीही आमच्या मनात आकस नाही. पाव हा शब्दच पोर्तुगिजांचा. गोव्यात पोदेर अजूनही पहाटे पाव घेऊन दारोदार फिरतो आणि पूर्वी पीठ फुगवण्यासाठी ताडामाडाची सुर वापरीत. त्याच गोव्यात कोंडा लावलेली पोय मिळते, ती आपल्या मऊ लादीपावापेक्षा चांगली. गव्हात एक चिकट प्रथिन असते. ते पीठ ताणू देते आणि वायू कोंडून धरते, म्हणून पाव फुगतो. ज्वारीबाजरीत ते नाही, म्हणून त्यांचे पीठ आधणाच्या पाण्यात मळून हातानेच थापावे लागते. या एका फरकात पुष्कळ इतिहास दडलेला आहे. पाव एका माणसाने भट्टीत शेकडोंनी भाजता येतो. भाकरी मात्र एकेक थापावी लागते, आणि तिच्यामागे दोन हात आणि वेळ लागतो.

गिरणगावात बाहेरगावचा एकटा कामगार खानावळीत जेवत असे. ती खानावळ चालवणारी बाई पहाटे उठून पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापी. त्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणीकामगार बदली असो की कायम, त्याला पोटभर भाकरी मिळे ती या बायांच्या हातांमुळे. भोंगा झाला, पाळी बदलली, घाई झाली, की हाताशी पाव असे. तेव्हा पाव ही काही कामगाराची चैन नव्हती. ज्याला वेळ नाही आणि ज्याच्यासाठी थापणारे कोणी नाही, त्याचे ते अन्न होते. आजही रात्रपाळी करून खोलीवर परतणारा कंत्राटी मुलगा पाव खातो तो याच कारणाने. त्याला 'पाव सोड' असा उपदेश करणे सोपे आहे. त्याला आधण कोण ठेवून देणार, हे उपदेशकाने आधी सांगावे.

आणखी एक गोष्ट या हिशेबात येते. आमचे वडील आठ तास साच्यांमधून येरझाऱ्या घालीत. आज त्याच वयाचा कामगार संगणकावर चालणाऱ्या यंत्रापुढे उभा राहून बटणे दाबतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २१०० उष्मांक लागतात आणि कष्टाचे काम करणाऱ्याला सुमारे ३४७०. यंत्राने काम हलके केले, पण भूक बापाकडून आलेली तशीच राहिली. म्हणून हमाली करणाऱ्याने किंवा ओतशाळेत राबणाऱ्याने या व्याख्यानावरून आपले ताट अर्धे करू नये. हा हिशेब ज्यांचे काम बसून वा उभे राहून चालते, त्यांच्यासाठी आहे. आणि येथे खुर्च्यांवर बसलेले आपण बहुतेक सर्वजण त्यांतलेच आहोत.

आता पावाच्या जागी काय घ्यावे, ते सांगतो. हे सर्व आम्ही स्वतः करून पाहिलेले आहे.

सकाळी चार पावांऐवजी एक भाकरी आणि वाटीभर जास्त उसळ. कमी करावयाचे ते पीठ, वाढवावयाची ती मटकी, मूग, चवळी. कडधान्यात चोथा आहे आणि प्रथिनही आहे, त्यामुळे अकरा वाजता पुन्हा वड्याची आठवण होत नाही. तर्री मात्र वरची काढून ठेवावी. मिसळीत पावाचा दोष जितका आहे त्याहून तर्रीच्या तेलाचा अधिक असतो. आमच्या माणदेशात हुलग्याचे माडगे करतात. ते वाटीभर प्यायल्यावर अर्धीच भाकरी पुरते. नाचणीची आंबील ताकातली असावी, गुळातली नको. नाचणीत चुन्याचा म्हणजे कॅल्शियमचा अंश शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, हा फायदा वेगळाच. सभेला जाताना खिशात मूठभर फुटाणे ठेवावेत. तीस ग्रॅम फुटाण्यांत एकशे दहाच्या आसपास उष्मांक, पण चावता चावता सभा संपते. थालीपीठ उत्तम, मात्र तव्यावर तेलाची धार धरली की ते वड्याचेच भावंड होते. आणि जेवताना पहिले घास काकडीचे, मुळ्याचे, कोशिंबिरीचे घ्यावेत. काकडीत उष्मांक फारच थोडे असतात.

काही फसवणुकींपासून सावध केले पाहिजे. टोस्ट हलका, असा समज आहे. वस्तुतः पाव भाजून त्यातले पाणी घालवले की तेवढ्याच वजनात उष्मांक वाढतात, आणि टोस्टात साखर आणि चरबी असते ती निराळीच. खारीचे पापुद्रे सुटतात ते चरबीच्या थरांमुळे. तपकिरी पाव म्हणजे कोंड्याचा पाव, असेही नव्हे. तो रंग जळक्या साखरेचाही असू शकतो. पुडक्यामागची घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा, असा नियम आहे. पहिला शब्द मैदा असेल तर वरचा रंग विसरा. आणि पावाला लागणारे लोणी? दहा ग्रॅम लोण्यात सत्तरांवर उष्मांक असतात. पुष्कळदा पाव बिचारा बदनाम होतो आणि लोणी नामानिराळे राहते.

एक इशारा फार महत्त्वाचा. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे एकदम तोडू नये. आमचा एक सभासद उत्साहाने सकाळचे खाणे सोडून, गोळी मात्र घेऊन कामावर आला. साखर उतरली आणि प्रेस मशीनपुढे त्याला घेरी आली. शेजारच्याने वेळेवर मागे ओढले म्हणून हात वाचला. तेव्हापासून आम्ही घोषणा देताना दहा वेळा विचार करतो.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. हे सर्व करावयाचे कोणी? आम्ही घरी भाकरीचा नियम केला, त्या पहिल्या आठवड्यात आमची पत्नी काही बोलली नाही. तीही एका कारखान्यात पॅकिंगला जाते. आठव्या दिवशी पहाटे पाचला तव्यापुढे बसून ती म्हणाली, "तुमच्या वजनाचा ओव्हरटाइम मी करते आहे. त्याचे दर कोणत्या करारात लिहिलेत?" तीस वर्षे दुसऱ्यांच्या ओव्हरटाइमसाठी भांडलेल्या माणसाला हे ऐकावे लागले आणि ते रास्त होते. त्या दिवसापासून आम्ही थापावयास शिकलो. पहिल्या भाकऱ्या काठाला फाटल्या, दोन परातीतच राहिल्या, बोटे भाजली. आता आम्ही थापलेली भाकरी फुगते. सांगण्यात अभिमान आहे, पण पहिली पंचवीस वर्षे का शिकलो नाही याची लाजही आहे.

मग आम्ही कँटीनचा प्रश्न हाती घेतला. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थेत कामगारांचे प्रतिनिधीही आणले. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या संहितेत हा आकडा शंभरावर आणला असून त्यात कंत्राटी कामगारही मोजावयाचे आहेत. आम्ही मागणी केली की न्याहारीला पावाबरोबर भाकरीही ठेवा. व्यवस्थापक हसले. ठेकेदार म्हणाला, रोज दोनशे भाकऱ्या थापणार कोण? आमचेच काही सभासद म्हणाले, भाकरी गावाकडे खातोच की, कंपनीत तरी पाव खाऊ द्या. सात महिने गेले. अखेर जवळच्या गावातल्या बायकांच्या बचत गटाने भाकऱ्या पुरवण्याचे ठरले, आणि मग खरे भांडण दरावर आले. ठेकेदाराने जो दर सांगितला त्यात पीठ आणि गॅस वजा जाता बाईच्या हाती काहीच उरत नव्हते. काही सभासद म्हणाले, आपल्याला भाकरी स्वस्त मिळते आहे, आपण कशाला बोलावे? त्या सभेत आम्ही एवढेच विचारले, आपली साखर उतरवण्यासाठी दुसऱ्याची मजुरी उतरवावयाची काय? शेवटी दर वाढवून घेतला. त्यातला काही भाग कामगारांनी सोसला. ठराव एकमताने झाला नाही, तोही सांगून ठेवतो.

आज त्या कँटीनमध्ये भाकरी आणि पाव दोन्ही असतात. सगळे भाकरी घेत नाहीत. आमचे स्वतःचे वजन चौदा महिन्यांत सहा किलोंनी उतरले, उरलेले सहा अजून आमच्याबरोबरच आहेत. बोटे गमावलेले आमचे सहकारी आता निवृत्त झाले. कधी वसाहतीत आले की कँटीनमध्ये बसून अर्धी भाकरी आणि उसळ घेतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मोठ्या उपाहारगृहांत ज्वारीची बिस्किटे आणि नाचणीचे केक आले. आनंद आहे. पण केक नाचणीचा असला तरी त्यातली साखर साखरच असते, आणि ज्या रानात ज्वारी पिकते तेथल्या बाईच्या हाती त्या केकाचे किती पैसे पोचतात, हाही हिशेब कोणीतरी विचारावा.

आपण येथून घरी जाल तेव्हा जेवणाची वेळ झालेली असेल. आज रात्री एवढेच करा. पीठ एकदा तोलून पाहा. तेलाचा चमचा एकदा मोजून पाहा. आणि भाकरी कोण थापते आहे, तिकडेही एकदा पाहा. शक्य झाले तर काठवटीपाशी स्वतः बसा. पहिली भाकरी फाटेल. ती आपणच खावी.